आपला पाल्य आज गैरहजर आहे

आमच्या ऑफिसात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं नाहीत, चष्मे आहेत. कॉलेजात साठीच्या आसपासची मंडळी शिकायला यायला लागल्यापासून वर्गात रोज एखादा तरी चष्मा राहतोच. आमचा शिपाई नामदेव तो उचलून डब्यात टाकतो, मालक येऊन शोधून नेतो आणि दोन दिवसांनी परत विसरतो. किश्श्यांचंही तसंच झालंय. रोज एखादा मागे राहतो, न्यायला कुणी येत नाही, मग ते माझ्याकडेच साठत जातात. त्यातले काही आज बाहेर काढते. हसण्यासारखे पुष्कळ आहेत. पण हल्ली सांगताना मला हसू येत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

मी गायकवाड मॅडम. नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं कम्युनिटी कॉलेज आहे, तिथलं अ‍ॅडमिशनचं टेबल माझ्याकडे. नामदेव माझ्याहून चार वर्षांनी मोठा, रिटायरमेंटला आलेला. त्याचाही चष्मा त्याच डब्यात असतो. इथं ठेवला की हरवत नाही, असं त्याचं म्हणणं. सोनेरी काड्यांचा, एखाद्या साहेबाला शोभेल असा चष्मा आहे त्याचा. मुलीनं पहिल्या पगारातून घेऊन दिलेला!

*

मुळात ही मंडळी आमच्याकडे आली कशी, तर पोरं येईनाशी झाली म्हणून. शिवणकाम, मोबाइल-कॉम्प्युटर वापर, खाद्यपदार्थ तयार करणं असे आमचे सहा-सहा महिन्यांचे कोर्स. वर्गात निम्मी बाकं रिकामी. प्राचार्य सर एक दिवस म्हणाले, तरुण येत नाहीत ना, मग म्हातारे आणू. सर स्वतः अठ्ठावन्नचे. पण 'म्हातारे' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की ती सगळी जमात सिन्नरच्या पलीकडे कुठंतरी राहते!

आधी आम्ही सकाळी जॉगिंग ट्रॅकवर पत्रकं वाटली. एका आजोबांनी पत्रक दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं, 'छान उपक्रम आहे' म्हणाले, आणि बाकावर अंथरून त्यावर बसले. बाक ओला होता. त्यांचं बघून बाकीच्यांनीही पत्रकं मागून घेतली. अर्ध्या तासात दोनशे पत्रकं संपली आणि अ‍ॅडमिशन एकही नाही.

मग सरांना कल्पना सुचली. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे बँकेत दाखवावं लागतं. हयातीचा दाखला. सगळे म्हातारे एका जागी सापडणार! आम्ही मॅनेजरची परवानगी काढून एका बँकेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं, अंगठे नोंदवायला कॉलेजचं हजेरीचं मशीन ठेवलं आणि बसलो. दहा मिनिटांत आमच्यासमोर रांग. वीस, पंचवीस, तीस माणसं. सर मला हळूच म्हणाले, दुसरी तुकडी काढावी लागणार.

पहिल्या बाईंनी मशीनवर अंगठा ठेवला. मशीननं लाल दिवा दाखवला. त्यांनी अंगठा पदराला पुसून परत ठेवला, परत लाल. घाबरून त्या सरांना म्हणाल्या, "लागत नाहीये हो. पण मी आहे."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. रांग हयातीच्या दाखल्याची होती, चुकून आमच्याकडे लागलेली. नामदेवनं मोठ्यानं खुलासा केला आणि एका मिनिटात व्हरांडा रिकामा. त्या पहिल्या बाई तेवढ्या थांबल्या. निर्मला काकू. सत्तरीच्या, बारीक, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, फ्लॅटमध्ये एकट्या. त्यांनी विचारलं, कॉलेजला रोज यावं लागतं का? सर म्हणाले, आठवड्यातून तीन दिवस. सोमवार, मंगळवार, गुरुवार.

"आणि नाही आलं तर?"

सर उत्साहात होते. म्हणाले, आमची सिस्टीम एकदम कडक आहे, गैरहजर राहिलात की लगेच घरच्यांच्या फोनवर मेसेज जातो. काकू खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "द्या एक फॉर्म."

*

आता त्या मेसेजची गंमत ऐका. आमचं सॉफ्टवेअर पोरांसाठी केलेलं. त्यात 'पालकाचा मोबाइल' हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. कंपनीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, बदलता येईल, पण पुढच्या वर्षी. मग आम्ही सगळ्यांना सांगितलं, घरातल्या कुणाचाही नंबर द्या. पासष्ट वर्षांच्या माणसांनी पालक शोधायला सुरुवात केली! कुणी सुनेचा नंबर दिला, कुणी जावयाचा. निर्मला काकूंनी मुलाचा दिला. मंदार, पुण्यात असतो, आयटीत.

बोरसे नवरा-बायको दोघंही मोबाइलच्या वर्गात होते. त्यांनी सोपा मार्ग काढला, एकमेकांचा नंबर दिला. एकदा दोघांनी विंचूरला लग्नाला जायचं म्हणून दांडी मारली. सव्वाअकराला हजेरी बंद झाली, मेसेज सुटले आणि तिकडं ऐन पंगतीत दोघांचे फोन एकदम वाजले. बोरसे वहिनींना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून शेजारच्या बाईनं मोठ्यानं वाचून दाखवलं: "प्रिय पालक, आपला पाल्य रमेश बोरसे आज गैरहजर आहे." पाल्य शेजारी बसून जिलेबी खात होता!

दुसऱ्या वर्गाला दोघं चिठ्ठ्या घेऊन आले. माझा पाल्य लग्नास गेल्यामुळे येऊ शकला नाही, तरी क्षमा असावी. एकमेकांसाठी लिहिलेल्या, खाली पालक म्हणून सही. ती पाटी-पेन्सिलच्या वयाची गंमत बघून सर इतके खूश झाले, की त्यांनी चिठ्ठ्या फाइलला लावून घेतल्या.

*

पेठ गावाच्या पुढच्या एका पाड्यावरून हिराबाई यायच्या. नागलीची, म्हणजे नाचणीची बिस्किटं करायला शिकत होत्या. त्यांच्याकडे फोन नाही. पेठच्या एसटी स्टँडवर ज्याचं किराणा दुकान आहे, त्याचा नंबर त्यांनी पालक म्हणून दिला. दुकानदार भला माणूस, पण आवाज मोठा. एकदा हिराबाई भात झोडायच्या कामामुळे आल्या नाहीत. मेसेज आला तसा त्यानं दुकानातूनच सगळ्या स्टँडला ओरडून सांगितलं, हिरामावशी आज शाळेत गेली नाही!

दोन दिवसांनी त्या बसमध्ये चढल्या तर अर्धी बस विचारायला लागली, काल-परवा का नाही गेलीस? कंडक्टरनं तर तिकीट द्यायच्या आधी कमरेवर हात ठेवून जाब विचारला. हिराबाई आमच्याकडे आल्या त्या टेबलापाशीच बसल्या. मला वाटलं, चिडल्या असतील, लोकांत शोभा झाली म्हणून. मी माफी मागायला लागले.

"नाय मॅडम," त्या म्हणाल्या. "इतकी वरसं झाली, मी कुठं आले का गेले, कोनी इचारलं नाय. आज सगळी गाडी इचारत व्हती."

त्या डोळे पुसत होत्या. निर्मला काकू तिथंच फी-पावतीसाठी उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. मला हे आठवतं, कारण पुढं जे झालं ते तिथून सुरू झालं असावं असं मला वाटत राहतं.

*

युसूफचाचांचं आधी सांगते. जुन्या नाशकात त्यांचं चाळीस वर्षं टेलरिंगचं दुकान होतं. आमच्या नाशकातल्या निम्म्या नवरदेवांच्या शेरवान्या त्यांच्या हातच्या. ते एक दिवस आले आणि शिवणकामाच्या बेसिक कोर्सला नाव घाला म्हणाले. मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हटलं, चाचा, तुम्ही शिकवायला या. ते म्हणाले, नाही, शिकायलाच.

पहिल्याच दिवशी वर्गात गोंधळ. शिकवणाऱ्या मॅडम चोवीस वर्षांच्या. बाहीचं कटिंग दाखवताना त्या खडूची रेघ पुन्हा पुन्हा पुसायला लागल्या, कारण समोर चाचा! चाचा मात्र वहीत मुकाट्यानं आकृती काढत होते. एकदाही टोकलं नाही. फक्त कात्री फिरायच्या आधी एकदा हलकंसं खोकले. मॅडमनी बघितलं, कापड उलटं होतं.

मी न राहवून एकदा विचारलं, चाचा, खरं सांगा, इथं कशाला येता? त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं कापत होती. सुईत दोरा जाईना म्हणून त्यांनी दुकान बंद केलं होतं.

"मास्टरनं सुई ओवून मागितली, तर गिऱ्हाईक कपडा परत घेऊन जातं, मॅडम. इथं मी शिकाऊ आहे. शिकाऊनं मागितली, तर बाजूवाली ओवून देते."

त्या दिवसापासून वर्गातल्या बायका चाचांच्या टेबलावर दहा-दहा सुया ओवून ठेवायच्या. मोबाइलचा वर्ग शेजारीच, सुट्टीत निर्मला काकूही येऊन दोन ओवून जायच्या. काकूंच्या चष्म्याची काडी एकदा मोडली, तेव्हा चाचांनी ती लाल दोऱ्यानं अशी गुंडाळून दिली की पुन्हा हलली नाही. काकूंना नवा चष्मा परवडत नव्हता असं नाही. पण त्यांनी तोच वापरला. लांबूनही तो लाल दोरा दिसायचा.

*

मोबाइलचा वर्ग प्राचार्य सर स्वतःच घ्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं, काय शिकायचंय? कुणी म्हणालं रेल्वेचं तिकीट, कुणी म्हणालं लाइट बिल. निर्मला काकूंनी विचारलं, समोरचा माणूस आत्ता फोनवर आहे की नाही, हे कसं बघायचं? सरांनी दाखवलं. नावाखाली 'ऑनलाइन' असं येतं. काकूंनी वहीत लिहून घेतलं. त्यानंतर पुष्कळदा त्या सुट्टीत बाकावर बसून फोनकडे बघत असायच्या. काही टाइप करायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या.

काकूंचा अंगठा आमचं मशीन बहुतेक वेळा घ्यायचंच नाही. वयानं बोटांवरच्या रेषा पुसट होतात, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. जानेवारीतल्या एका मंगळवारी त्या वर्गात बसलेल्या असताना मशीननं त्यांना गैरहजर ठरवलं आणि मेसेज पुण्याला गेला. पाच मिनिटांत काकूंचा फोन वाजला. वर्गात सगळ्यांना ऐकू आलं, "आई, कुठं आहेस तू? बरी आहेस ना?"

काकू बाहेर पॅसेजमध्ये गेल्या. वीस मिनिटं बोलत होत्या. आत आल्या तेव्हा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेजारणीला म्हणाल्या, मंदारचा होता. दिवाळीनंतर आपणहून पहिल्यांदाच केला त्यानं.

असे घोटाळे नकोत म्हणून आम्ही नंतर हजेरीची वही ठेवली. मशीननं नाही घेतलं तर सर हातानं टिक करायचे. सगळ्यांची सोय झाली. काकू मात्र दर मंगळवारी गैरहजर राहायला लागल्या. सोमवारी, गुरुवारी सगळ्यांच्या आधी हजर, मंगळवारी नाही.

एका मंगळवारी मी पाण्याची बाटली भरायला पॅसेजमध्ये गेले, तर वर्गाच्या खिडकीबाहेर काकू उभ्या. वही खिडकीच्या कठड्यावर ठेवून आतलं ऐकून लिहून घेत होत्या. मी म्हटलं, अहो, आत जा ना. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला बाजूला घेतलं.

"आत बसले की सर टिक करतात. मंगळवारी तो घरून काम करतो, त्याला बोलायला वेळ असतो."

नियमानं मी सरांना सांगायला हवं होतं. मी नामदेवला सांगितलं आणि नामदेवनं काही न विचारता पुढच्या मंगळवारी खिडकीबाहेर एक खुर्ची नेऊन ठेवली. मग दर मंगळवारी ठेवायला लागला.

*

मार्चमध्ये हजेरीची बेरीज आली. काकू वर्गात सगळ्यात हुशार. पुढच्या वर्षीच्या पत्रकावर त्यांचाच फोटो टाकायचा, असं सरांनी ठरवून ठेवलेलं. पण हजेरी पंच्याहत्तर टक्के भरेना. सरांनी बोलावून सांगितलं, काकू, आता एकही दांडी नको, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी परत अ‍ॅडमिशन घेईन. मेसेजची सोय राहील ना?"

सरांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी खाली बघत राहिले.

फोन मात्र आखूड होत चालले होते. वीस मिनिटांची दहा झाली, दहाची दोन. मग एका मंगळवारी फोन आला नाही, नुसता अंगठ्याचा इमोजी आला. त्याच दुपारी कॉलेजच्या नंबरवर मंदारचा मेसेज आला, हे पाठवणं कृपया बंद करा. मला इतका राग आला, की मी सरळ फोन लावला. भांडायचंच ठरवलं होतं.

तो भांडला नाही. दमलेला आवाज होता. म्हणाला, मॅडम, मेसेज आला की मी दचकतो. मीटिंग सोडून फोन करतो. ती म्हणते, काही नाही रे, अशीच. दर आठवड्याला तेच. मी रविवारी करत जाईन, पण हे बंद करा. त्याच वेळी माझ्या मोबाइलवर सिन्नरहून माझ्या आईचा फोन येत होता. तो मी सवयीनं कट केला. सकाळपासून दुसऱ्यांदा.

मी मंदारचा नंबर काढला. रकाना रिकामा चालत नाही, म्हणून तिथं माझा टाकला. काकूंना सांगितलं नाही. तेवढं धैर्य मला झालं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी सव्वाअकराला माझा फोन वाजला. "प्रिय पालक, आपला पाल्य निर्मला आज गैरहजर आहे." माझ्या टेबलावरून पॅसेजमधली खुर्ची दिसते. काकू हातात फोन घेऊन बसल्या होत्या. वर्ग सुटेपर्यंत बसल्या आणि घरी गेल्या. पुढच्या मंगळवारीही तसंच. तिसऱ्या मंगळवारी मला बघवेना. मी फोन उचलला आणि त्यांना लावला. म्हटलं, काकू, कॉलेजातून बोलतेय, आज आला नाहीत? वीस पावलांवर त्या बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, जरा कणकण होती. मी विचारलं, जेवलात का? त्यांनी मेथीची भाजी केली होती. बराच वेळ आम्ही बोललो. नामदेव चहाचा ट्रे घेऊन मध्येच उभा, एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे!

मग दर मंगळवारी तेच सुरू झालं. एप्रिलमध्ये एकदा बोलता बोलता त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरीत विचारलं, "मेसेज आता तुला येतो ना गं?"

मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं, तू जेवलीस का? मी फोन ठेवला, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि सिन्नरला आईला फोन केला. आईनं आधी विचारलं, काय झालं, सगळं ठीक आहे ना? मी कामाशिवाय फोन केल्याचं तिला नवल वाटलं होतं.

*

एप्रिलच्याच शेवटच्या मंगळवारी सव्वाअकराला मेसेज आला. मला हसू आलं. मी मान वर करून बघितलं तर खुर्ची रिकामी. नामदेवनं ठेवलेली, तशीच. मी फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. म्हटलं, आज खरीच दांडी मारलेली दिसतेय. समोर दोन अ‍ॅडमिशन आल्या होत्या, फॉर्म भरायचे होते. दीडच्या सुमाराला परत लावला. मग मात्र मी नामदेवला स्कूटरवर त्यांच्या फ्लॅटवर पाठवलं.

त्याचा फोन आला. मॅडम, तुम्ही या, एवढंच म्हणाला.

दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. डॉक्टर म्हणाले, पहाटे झोपेतच गेल्या. म्हणजे सव्वाअकराला कुणालाही कळलं असतं तरी काही झालं नसतं. सगळे मला तेच सांगतात. मीही स्वतःला तेच सांगते. पण इतके मंगळवार तो मेसेज खोटा होता आणि मंदारकडे गेला. ज्या मंगळवारी खरा होता, त्या दिवशी तो माझ्याकडे आला, आणि मी हसले. हे काही मनातून जात नाही.

मंदार संध्याकाळी पोचला. पुणं पाच तासांवर आहे.

*

पंधरा दिवसांनी तो कॉलेजात आला. मी मनात त्याचं काय काय चित्र रंगवून ठेवलं होतं! तर साधा, केस पिकायला लागलेला माणूस. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. आईची वही मिळेल का, विचारलं. मी काढूनच ठेवली होती. त्यानं मंगळवारची पानं उघडून बघितली. त्या पानांवरचं अक्षर वाकडं होतं, कठड्यावर लिहिलेलं. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मग म्हणाला, "त्या दिवशी मला मेसेज आला नाही, मॅडम."

मी त्याच्याकडे बघितलं. तो पुढं म्हणाला, मीच बंद करायला सांगितलं होतं, मला माहितीये. तरी मंगळवारी अकरानंतर फोन बघायचो. मेसेज नाही, म्हणजे आई वर्गात बसलीय, असं धरून चालायचो. मी पाणी दिलं.

जाताना दारातून परत वळला. म्हणाला, आईचा चष्मा घरात कुठंच नाही, इथं राहिलाय का? राहिला होता. सोमवारी काकू तो वर्गात विसरून गेल्या होत्या आणि नामदेवनं उचलून ठेवला होता. मी पत्र्याचा डबा त्याच्यापुढं सरकवला आणि झाकण उघडलं.

आत दहा-अकरा चष्मे होते. लाल दोऱ्याचा सगळ्यात वर होता. मंदारनं तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला आणि खाली शोधायला लागला. एक काळा घेतला, ठेवला. एक जाड काचांचा घेतला, ठेवला. मग तळातून एक काढला आणि उजेडाकडे धरला. सोनेरी काड्यांचा.

"हाच," तो म्हणाला. "आई कायम हाच लावायची."

त्यानं तो रुमालानं पुसला, एकदा स्वतःच्या डोळ्यांना लावून बघितला, मग रुमालातच गुंडाळून वरच्या खिशात ठेवला. मला नमस्कार केला आणि गेला. गेटपर्यंत तो खिशावर हात ठेवून चालत होता. मी लाल दोऱ्याचा चष्मा माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि डब्याला झाकण लावलं.

दुपारी नामदेवनं डबा टेबलावर पालथा केला आणि आपला चष्मा शोधायला लागला.